ढगामागची मघा

आमच्या नायगावच्या कॉलेजच्या गच्चीला परवा उमाटे सरांचं नाव देण्यात आलं. जिन्याच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवली, तिला झेंडूचा हार घातला, आणि ज्या मंडळींनी एकेकाळी सरांना याच गच्चीवरून उचलून देगलूरला फेकलं होतं तीच मंडळी एकामागून एक उठून ‘नम्र’, ‘मृदुभाषी’, ‘विद्यार्थ्यांचे सखा’ असं बोलू लागली. मृदुभाषी! मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. सर स्वतः आले नव्हते. आले असते तर पाटीवरच्या मजकुरापासून सुरुवात करून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली असती. मला ‘दोन शब्द बोला’ म्हणाले. मी नको म्हटलं. माझ्याकडचे शब्द झेंडूच्या हारात बसणारे नव्हते.

सूर्यकांत उमाटे आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवते, आणि बरीच वर्षं आमच्या भाड्याच्या घरांची भिंत एकच होती. म्हणजे दिवसभर स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून, असा दोन्हीकडून मला हा माणूस ऐकू यायचा. उंच, वाळकुडे, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कपाळाच्या वर कुठंतरी बघायचे, जणू तुमच्या डोक्यावरून पलीकडे काही बरं दिसतंय का ते पाहतायत. गर्विष्ठ माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या संस्थेत तर ती शिपायापासून अध्यक्षापर्यंत आहेत. पण त्यांचा गर्व सणासुदीचा असतो, कुणी पाहुणे आले की बाहेर काढायचा. सरांचा तुच्छभाव रोजच्या वापरातला होता. सकाळी दूधवाल्यापासून तो सुरू व्हायचा.

“जगात दोनच तऱ्हेची माणसं,” ते म्हणायचे. “एक वर बघणारी अन् एक खाली बघणारी.” पहिल्या गटात कोण कोण, असं एकदा गणिताच्या सरांनी विचारलं. उमाटे सर चहा पीत राहिले. उत्तर उघड होतं. त्या गटात ते एकटेच होते.

फाल्गुन लागला, थंडी ओसरली की त्यांचं आकाशदर्शन सुरू व्हायचं. रात्रीची जेवणं उरकून गावातली माणसं गच्चीवर यायची. शिक्षक, दुकानदार, त्यांच्या बायका, सुना, बँकेतले लोक. मराठवाड्यात त्या दिवसांत आकाश असं लख्ख असतं की वर बघायला कुणी शिकवायची गरज पडू नये. पण सर शिकवायचे, आणि सुरुवात नेहमी तीच असायची.

“बसा. मान वर. तोंड बंद. आकाशाला तुमच्या मताची गरज न्हाई.”

हातात वेळूची लांब काठी. त्या काठीनं ते पश्चिमेचा मृग दाखवायचे, त्याच्या पोटातले ओळीतले तीन तारे, ती ओळ खाली ओढत नेऊन व्याध, वर ओढत नेऊन तांबूस रोहिणी. मग डोक्यावर पुनर्वसूची जोडी. पूर्वेला सिंह. त्याच्या आयाळीचा तो विळा, विळ्याच्या मुठीशी मघा. उत्तरेला सप्तर्षी, आणि त्यांच्या शेपटाचा बाक तसाच पुढं वळवत नेला की स्वाती, तिथून चित्रा. हे मान्य केलं पाहिजे की दाखवायचे ते फार छान. काठी एकदा फिरली की माणसाला ते आकार पुन्हा विसरता येत नसत. आणि ते छान दाखवायचे म्हणूनच त्यांचा राग जास्त यायचा. ज्याला काही येत नाही असा उद्धट माणूस आपण सोडून देतो. याला येत होतं, आणि ते समोरच्याला लायकी नसताना दिलेलं दान असल्यासारखा तो द्यायचा.

एकदा सिमेंटच्या व्यापारातले एक गृहस्थ मोठ्या उत्साहानं पुढं आले. “सर, माझी रास सिंह हाय. कुठाय माझा सिंह?”

सरांनी काठी उचलली. “तो बघा.”

“वा वा! मंग तो माझ्यावर परिणाम कसा करून राहिला?”

“त्याला तुम्ही हाव हेच मालूम न्हाई,” सर म्हणाले. “मलाबी आत्ताच कळालं.”

लोक हसले. ते गृहस्थही हसले, पण परत कधी आले नाहीत. आमच्या मराठीच्या बाईंनी एकदा विचारलं, तारा तुटताना मागितलेलं मिळतं म्हणतात, तर काय मागावं? सर म्हणाले, “डोकं.” बाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

संस्थेनं एका वर्षी मोठा गाजावाजा करून दुर्बीण आणली. तिच्यासोबत सगळ्यांनी फोटो काढून घेतले. सरांनी तिच्यावर आपली शबनम पिशवी अडकवली आणि ती तशीच अडकवत राहिले. “ज्याला अख्खं आकाश कळत न्हाई,” ते म्हणाले, “त्यानं नळीतून त्याचा तुकडा बघून काय दिवे लावायचे?”

देगलूरचं प्रकरण झालं ते शुक्रावरून. अध्यक्षांचे जावई हैदराबादहून आले होते आणि त्यांना शुक्र बघायचा होता. तसा निरोप आला. सरांनी उलट निरोप धाडला की अंधार पडला की लगेच या. अध्यक्ष सत्कार, जेवण, पानसुपारी सगळं उरकून गाड्यांच्या ताफ्यानिशी आले तेव्हा शुक्र मावळून गेला होता.

“कुठाय शुक्र?” अध्यक्षांनी विचारलं.

“गेला.”

“गेला म्हंजे? आम्ही येणार हे सांगितलं व्हतं ना?”

“मला सांगितलं व्हतं,” सर म्हणाले. “त्याला कुणी सांगितलं न्हाई.”

जावई खो खो हसले, आणि तिथंच सरांचं भरलं. सासऱ्याला जावयासमोर असलं ऐकून घेता येत नाही. पुढच्या जूनमध्ये संस्थेच्या देगलूरच्या शाखेत बदली झाली. सर तिकडेही त्याच ठेक्यात दोन वर्षं राहिले. “तिथं लोक तेलुगूत शिव्या देतेत, एवढाच फरक,” असं सांगायचे. इकडे आमचा भौतिकशास्त्राचा निकाल पार झोपला, पालक ओरडू लागले, तेव्हा अध्यक्षांनीच त्यांना परत आणलं. परत आल्यावर सर त्यांना भेटायला गेले नाहीत. अध्यक्ष स्टाफरूममध्ये आले तेव्हा यांनी खुर्चीतून न उठता विचारलं, “शुक्र बघितला का मग?”

या सगळ्यात एक बाई होती. तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. सरांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. बुटक्या, गोल, सदा पदर खोचलेल्या. गच्चीवर दर वेळी पन्नासेक माणसांचा चहा त्यांच्या घरून यायचा. किटली घेऊन त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायच्या, कप मोजून द्यायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. मी एकदा म्हटलं, “वहिनी, तुम्ही नाही बघत कधी?”

“मला काय कळतंय बाई त्यातलं?” त्या म्हणाल्या. “ते म्हणतेत, तुला वर बघायला लावलं तर खाली भाकरी करपतेल.”

हे त्या कौतुकानं सांगत होत्या. मी रिकामे कप गोळा करू लागले.

नांदेडला आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं डोळ्यांचा दवाखाना काढला. डॉक्टर संजय. सरांना चष्म्याचा नंबर बदलून हवा होता म्हणून ते त्याच्याकडे गेले, आणि संध्याकाळी मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला. ते वहिनींना सांगत होते, पण इतक्या मोठ्यानं की गल्लीलाही कळावं.

“काचबिंदू म्हणतो! संज्या! बारावीला प्रकाशाचा धडा ह्याला तीनदा समजावला, तरी पेपरात भिंग उलटं काढून आला. नापास! अन् आज मला सांगून राहिला, सर, डोळ्यात दाब वाढलाय, रोज थेंब टाका, जन्मभर टाका. दाब म्हंजे काय, म्हणून विचारलं तर गडी नुसता हसला.”

“मंग थेंब आणलेत ना?” वहिनींचा आवाज.

“आणलेत. ते बघ तिकडं.”

सकाळी कचऱ्याच्या टोपलीत ती इवलीशी बाटली मी पाहिली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी सरांना म्हटलं, डॉक्टरनं दिलंय तर टाकायला काय हरकत आहे? ते माझ्या कपाळावरून बघत म्हणाले, “दुखत न्हाई, खुपत न्हाई. रात्री अरुंधतीबी दिसती. तुम्हाला दिसती का?” सप्तर्षींतली ती बारीकशी अरुंधती मला दिसत नव्हती. वाद तिथं संपला. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, डोळ्याच्या कडेकडेनं खात आत येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं. पण ज्यानं सांगितलं तो त्यांच्या लेखी नापास होता.

त्यानंतरची तीन-चार वर्षं सर अधिकाधिक भांडखोर होत गेले असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. स्टाफरूममध्ये टेबलाच्या कडेला ठेवलेला कप त्यांच्या कोपरानं पडायचा, आणि कप तिथं ठेवणारा मूर्ख ठरायचा. बाजारात सायकलवाला धडकला तर सायकलवाला आंधळा. दाराच्या चौकटीला कपाळ लागलं तर सुतार नालायक. दर धक्क्याला एक गुन्हेगार तयार असायचा आणि त्याची खरडपट्टी निघायची. वहिनींचाही स्वभाव त्याच सुमाराला बिघडला. पूर्वी ही बाई तोंडातून शब्द काढायची नाही. आता कुठंही सोबत निघाल्या की चार पावलं पुढं चालत, सारख्या कुरकुरत.

“आवं, काय ह्या पायऱ्या! ही पहिलीच लई उंच केलीय मेल्यांनी… अन् हितं बघा, हितं फरशीच उखडलीय… आता हे गटार कशाला उघडं ठेवावं मी म्हणते!”

“गप की जरा!” सर ओरडायचे. “मला दिसत न्हाई का?”

लग्नात, बाजारात, कॉलेजच्या जिन्यात, सगळीकडे हेच. बायका हसायच्या. नवऱ्याचा गुण लागला म्हणायच्या.

मग कॉलेजचा वर्धापनदिन आला. चैत्र होता. अध्यक्षांनी या खेपेला आकाशदर्शन हा मुख्य कार्यक्रम ठेवला, मंडपवाल्याकडून गच्चीवर गाद्या अंथरल्या, वर्तमानपत्राचा वार्ताहर बोलावला. जुनं भांडण सगळेच विसरले होते. अध्यक्षांना आता सर कॉलेजचं भूषण वाटायचे, कारण पाहुण्यांना दाखवायला दुसरं काही नव्हतं. गच्ची भरली. सर नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, पाण्याच्या टाकीला डावा हात लावून. अलीकडे ते तिथून हलत नसत. उजव्या हातात काठी.

सुरुवात छान झाली. पश्चिमेला मृग कलला होता, तो दाखवला. व्याध दाखवला. डोक्यावर पुनर्वसू दाखवले. पण तेवढ्या वेळात दक्षिणेकडून ढग चढत आला होता. त्या दिवसांत येतो तसला अवकाळी, वाऱ्याचा आवाज न करता येणारा, जाडजूड. त्यानं डोक्यावरचं आणि पूर्वेचं सगळं आकाश गिळलं. खालच्या बाजारातल्या दिव्यांचा मळकट उजेड त्याच्या पोटावर पडला होता. मला वाटलं सर आता थांबतील, चार शिव्या ढगाला देतील.

सरांनी काठी उचलून ढगावर टेकवली.

“आता हा सिंह. हा त्याच्या मानेचा विळा बघा, असा वळलेला. अन् इथं मुठीपाशी मघा. किती पांढरी हाय बघा.”

माना वर होत्या, तोंडं बंद होती, जसं त्यांनी शिकवलं होतं. काठी विळ्याच्या आकारात फिरत होती आणि तिच्या टोकाला नुसता ढग होता. गादीवर मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग पुढं बसलेल्या एका बाईनं, अगदी साधेपणानं, म्हटलं, “सर, तिथं तर ढग हाय.”

काठी जागच्या जागी थांबली. मी टाकीच्या जवळच होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना मान खाली घालताना पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच. टाकीवरचा हात घट्ट झाला. मग मान पुन्हा वर गेली.

“मग?” ते गरजले. “ढग आला म्हणून मघा कुठं जाती? ढग तुमच्यासाठी हाय. माझ्यासाठी न्हाई.”

आणि टाळ्या पडल्या! ती अख्खी गच्ची टाळ्या वाजवू लागली. अध्यक्षांनी उठून मिठी मारली. वार्ताहरानं पुढच्या दिवशी ढगाआडचे तारे दाखवणाऱ्या ऋषितुल्य प्राध्यापकांवर अर्धं पान भरलं. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट न दिसणारी एवढी माणसं मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. त्या गच्चीवर सर एकटेच आंधळे नव्हते.

टाळ्या वाजवत नव्हत्या त्या फक्त वहिनी. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर किटली धरून उभ्या होत्या, पदर तोंडाला लावलेला. कार्यक्रम संपल्यावर सर त्या बाजूला निघाले आणि वहिनींची कुरकुर सुरू झाली.

“आवं, ही पहिली पायरी लई उंच केलीय मेल्यांनी… आता ह्या सगळ्या सारख्या हायत, बरं हाय… हितं वळण कशाला द्यावं, मी म्हणते… आता शेवटची, ही फुटलीय बघा…”

सर प्रत्येक शब्दावर पाय टाकत उतरत होते. मी त्यांच्या मागं होते. ती कुरकुर नव्हती. ती बाई नवऱ्याला जिना सांगत होती. आणि किती वर्षं सांगत होती कोण जाणे, भांडखोर म्हणवून घेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सर खुर्चीत बसले होते, वहिनी आत.

“सर, कधीपासून दिसत नाहीये?”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“इतिहासाच्या बाईनं वर्तमानात नाक खुपसू नये,” ते म्हणाले.

“तारे जागा बदलत नाहीत म्हणून इतके दिवस निभावलं. रस्त्यावरची गाडी मघेसारखी जागेवर थांबत नसते. डॉक्टरकडे चला.”

“त्या संज्याकडं? भिंग उलटं काढणाऱ्याकडं?”

मी उठलेच. या माणसासाठी माझ्याकडे जेवढी सहनशक्ती होती ती संपली होती. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्यांनी चांगलं लुगडं नेसलं होतं आणि पायात चपला होत्या, घरातच.

“मी नांदेडला निघाले,” त्या म्हणाल्या. “तुमाला यायचं तर या. न्हाई तर मी माझे डोळे दावून येते. मलाच लई दिसायलंय आजकाल.”

त्या घरात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सरांनीही ऐकला नसावा. ते उठले.

वहिनींनी सोबत चला म्हटलं म्हणून मी गेले. डॉक्टर संजय दारापर्यंत आला, सरांच्या पाया पडला, हात धरून त्यांना यंत्रापुढं बसवलं. तपासायला त्याला वेळ लागला. मग त्यानं खुर्ची ओढून सरांच्या समोर घेतली.

“सर, थेंब टाकले होते का?”

“न्हाई.”

“जे गेलं ते आता परत येत नाही, सर. उरलंय तेवढं राखू.”

“किती उरलंय?”

“उजव्यात काही नाही. डाव्यात जरासं हाय, मधोमध. नळीतून बघितल्यासारखं. तेबी किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.”

सर ऐकून घेत होते. मग त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्या तोंडून निघालेलं माफीच्या सगळ्यात जवळचं वाक्य असावं. “तुला त्या वक्ताला पास करायला पायजे व्हतं.”

डॉक्टर गोंधळला. “मला? मी पासच होतो, सर. भौतिकशास्त्रात वर्गात पहिला होतो. तुम्हीच पाठीवर थाप मारली होती.”

“प्रकाशाच्या धड्यात भिंग उलटं काढलं व्हतंस तू.”

“तो दुसरा संजय, सर. मागच्या बाकावरचा. त्याचं मोबाइलचं दुकान हाय आता नायगावात, बसस्टँडपाशी.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मी इतकी वर्षं या माणसाचा तिरस्कार केला, पण त्या क्षणी जे वाटलं ते तिरस्काराहून वाईट होतं. माणूस आपले डोळे एखाद्या मोठ्या कारणापायी घालवतो तर त्याला काही अर्थ असता. यानं ते घालवले कारण त्याच्या लेखी सगळे विद्यार्थी सारखेच मूर्ख होते, इतके सारखे, की कोणता संजय कोणता हे लक्षात ठेवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

परतीच्या बसमधून उतरताना वहिनी म्हणाल्या, “दोन पायऱ्या हायत. दुसरी उंच हाय.” कुरकुर नाही, तक्रार नाही, नुसतं सांगणं. सर ‘गप’ म्हणाले नाहीत.

ते वर्ष संपायच्या आत ते निवृत्त झाले आणि शिरूर अनंतपाळकडच्या आपल्या गावी गेले. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. भिंतीपलीकडे दुसरे भाडेकरू आले, सज्जन, हळू बोलणारे. सुरुवातीला मला घर फार शांत वाटायचं, पण सरांच्या आठवणीनं काही हळहळ वाटली असं नाही.

मागच्या फाल्गुनात त्याच भागात एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. परतताना गाव वाटेतच लागत होतं. जावं की नाही असा बराच विचार केला आणि गेले. अंधार पडला होता, गावाची लाइट गेलेली. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. सर बाजेवर बसले होते, काळा चष्मा लावून. डाव्या डोळ्यातलं उरलेलंही गेलं होतं, ते मला लग्नातच कळलं होतं. अंगणातल्या चुलीपाशी वहिनी भाकरी थापता थापता उठून उभ्या राहिल्या होत्या, हात पिठात भरलेले, मान वर.

“कोण?” सरांनी विचारलं.

“मी, सर. नायगावहून.”

“इतिहास?”

“हो.”

“बसा. गप बसा. तिला काम हाय.” मग वहिनींकडे तोंड करून, “हां, सांग.”

“मृग हाय,” वहिनी म्हणाल्या. “ते तिघं एका रांगेत.”

“ते आंधळ्यालाबी दिसतंय. पुढं.”

“रोहिणी हाय. तांबडी.”

“हाव. पुढं.”

“तिच्या वर तशीच आणखी एक हाय.”

“तशी दुसरी नसती तिथं. नीट बघ.”

“नीटच बघायले. हाय.”

“चाळीस वर्षं बघितलंय मी तिथं. न्हाई तिथं काही. अकलेनं बघ जरा.”

“तुमी बघितलंय,” वहिनी म्हणाल्या. “मी बघायले.”

तव्यावरची भाकरी करपत होती. वास मलाही आला. वहिनी वाकल्या नाहीत. सरांचं तोंड उघडं होतं, पुढचा शब्द ओठांवर आलेला, आणि तो भाकरीवरूनच असणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. तो आला नाही.

“लुकलुकती का?” त्यांनी विचारलं.

वहिनींनी वेळ घेतला. “रोहिणी लुकलुकायली. ही न्हाई. गप जागेवर हाय.”

“मग तारा न्हाई ती,” सर सावकाश म्हणाले. “मंगळ हाय. इथं कधी आला हा? मला कुणी…” आणि थांबले. मग जरा पुढं सरकून म्हणाले, “रोहिणीपासून किती लांब हाय? हात लांब कर, मूठ धरून बघ.”

“मूठभर. वर दोन बोटं.”

“अन् रोहिणीहून उजळ हाय का मंद हाय?”

ज्याचं उत्तर स्वतःला माहीत नाही असा प्रश्न मी या माणसाला कधी कुणाला विचारताना ऐकलं नव्हतं. ते एकामागून एक विचारत होते, घाईनं, लाचार वाटावं इतक्या घाईनं, आणि वहिनी एकेक उत्तर बघून, पारखून देत होत्या. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. मी उठले. येते म्हटलं तेही कुणी ऐकलं नाही.

कुडाच्या फाटकाशी मी मागं वळून पाहिलं. सर मंगळाकडे तोंड करून बसले होते, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांचं तोंड घराच्या भिंतीकडे होतं. वहिनी त्यांच्यापाशी गेल्या, पिठाच्या हातानं त्यांची हनुवटी धरली.

“तिकडं नव्हं,” त्या म्हणाल्या. “हिकडं.” आणि त्यांनी ते तोंड वळवलं. सरांनी ते वळवू दिलं.